धरणापासून वाळूपर्यंत: पाण्यातल्या प्लास्टिकवरच्या बुरशीमागे

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

मार्ग असा आहे: धरणाचा जलाशय, तिथून शहराखालची नदी, पुढे शेतांमधला संथ टप्पा, मग खाडी आणि शेवटी वाळूचा किनारा. प्रत्येक ठिकाणी पाण्यात पडून राहिलेलं प्लास्टिक उचलायचं आणि त्यावर कोणती बुरशी जिवंत आहे ते पाहायचं. माणसाला आजारी पाडू शकणारी बुरशी आहे का, हा खरा प्रश्न. बुरशीच्या दीड लाखाच्या आसपास प्रजाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या माणसात रोग घडवणाऱ्या काहीशेच. बहुतेकींना ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या शरीराचं तापमान, झेपत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून ३७ हा आकडा या प्रवासात सतत सोबत राहील.

कोणाला शोधायचं याची यादी तयार मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशींची प्राधान्ययादी जाहीर केली. सर्वांत वरच्या गटात चार नावं आहेत: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. त्याखालच्या गटात फ्युजेरियम, म्युकोरेल्स, कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस, कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस वगैरे. सेडोस्पोरियम तिसऱ्या गटात आहे, पण पाण्याच्या संदर्भात त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं; कारण खाडीत कळेल.

पेट्री प्लेट आदल्या दिवशीच ओतून ठेवायच्या, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग रात्रभरात सुकतो. ओल्या प्लेटवर थेंब वाहतो आणि वसाहती एकमेकींत मिसळून मोजण्यापलीकडे जातात. दोन माध्यमं (बुरशी वाढवायचं खाद्य) पुरतात. पहिलं साबुरो डेक्स्ट्रोज अगार: लिटरला १० ग्रॅम पेप्टोन, ४० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार, पीएच ५.६. दुसरं डायक्लोरान रोझ बेंगॉल अगार. त्यात लिटरला २ मिलिग्रॅम डायक्लोरान आणि २५ मिलिग्रॅम रोझ बेंगॉल असतं, त्यामुळे झपाट्याने पसरणाऱ्या बुरशींना लगाम बसतो. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल: पहिल्यात लिटरला ५०, दुसऱ्यात १०० मिलिग्रॅम. ते उष्णतेला टिकतं, म्हणून १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करण्याआधीच घातलं तरी चालतं. रोझ बेंगॉलच्या प्लेट मात्र काळ्या पिशवीत ठेवायच्या. उजेडात त्या रंगापासून बुरशीलाच मारक असे पदार्थ तयार होतात, आणि मग रिकामी प्लेट पाहून 'पाणी स्वच्छ आहे' असा उलटाच निष्कर्ष निघतो.

माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालण्याची पद्धत त्वचेच्या नमुन्यांसाठी ठीक आहे. इथे घालू नये. ते निरुपद्रवी बुरशींना अडवतं तसंच क्रिप्टोकॉकस, अ‍ॅस्परजिलस आणि कॅन्डिडाच्या काही प्रजातींनाही अडवतं, म्हणजे ज्यांच्यासाठी निघालो त्यांनाच दार बंद.

बाकी सामान: निर्जंतुक चिमटे आणि कात्र्या, ७० टक्के इथेनॉल, नायट्रिल हातमोजे (दर नमुन्याला नवे), ५० मिलिलिटरच्या झाकणबंद नळ्या, एक लिटरच्या निर्जंतुक बाटल्या, मोजपट्टी, तापमान-पीएच-क्षारता-विरघळलेला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं, एन-९५ मास्क, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बर्फाच्या पिशव्यांसह थंड पेटी. स्टेरॉइड चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या सहकाऱ्याने नमुने हाताळू नयेत, हे निघण्याआधीच ठरलेलं बरं.

यादीत एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते आणि तिच्यावाचून सगळा प्रवास वाया जातो: तुलनेचे नमुने. प्लास्टिकच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच जागचं, तेवढंच बुडालेलं लाकूड, एक पान आणि एक गुळगुळीत दगड घ्यायचा. पाण्यात कोणताही टणक पृष्ठभाग पडला की त्यावर थर धरतो. प्लास्टिकवर बुरशी सापडली एवढ्याने काहीच कळत नाही. शेजारच्या फांदीवर ती किती होती, हे सांगता आलं पाहिजे.

पहिला दिवस: जलाशय

सकाळी नऊच्या आत पाण्यावर. दुपारच्या उन्हात तरंगत्या तुकड्याची वरची बाजू तापते आणि सुकते, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा नमुना एकमेकांशी जुळत नाही. खाडी सोडता पुढच्या सगळ्या ठिकाणीही हीच वेळ पाळायची.

काय तरंगतं आणि काय बुडतं हे घनतेवर ठरतं. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिनची ०.९१ ते ०.९७, पॉलिप्रॉपिलीनची ०.९ च्या आसपास. म्हणून पिशव्या आणि बाटल्यांची झाकणं वर दिसतात. पेटची (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) घनता १.३८. झाकण लावलेली बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, उघडी बाटली पाणी भरताच तळाला जाते. नायलॉनची दोरी १.१४ ची, तीही बुडते. नुसतं वरचं प्लास्टिक गोळा केलं तर आपण प्रत्यक्षात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचाच अभ्यास करत असतो, हे नोंदवहीत स्पष्ट लिहून ठेवावं. तळासाठी लांब दांड्याची आकडी लागते.

तुकडा चिमट्याने कडेला धरून उचलायचा आणि ५ बाय ५ सेंटिमीटरचा चौकोन कापायचा. उन्हाकडची बाजू कोणती, हे कोपरा कापून खुणावून ठेवावं. मग निर्जंतुक फॉस्फेट बफर सलाइनमध्ये तीनदा हलके बुचकळायचं. यात सैल चिकटलेलं आणि नुसत्या पाण्याबरोबर आलेलं निघून जातं, उरतं ते खरोखर तिथे राहणारं. जोरात हलवलं तर वरचा थरही जातो. प्रत्येक वेळी तेवढ्याच हळुवारपणे तीनदा, इतकंच लक्षात ठेवायचं. धुतलेला तुकडा नळीत, नळी थंड पेटीत. पेटी ४ अंशांच्या आसपास हवी, पण नळीने बर्फाला टेकू नये. गोठलेल्या यीस्टपैकी (एकपेशीय बुरशी) किती जगल्या याचा हिशेब नंतर लागत नाही. सोबत त्याच जागचं एक लिटर पाणी, एका हाताच्या खोलीवरून. आणि एक कोरी नळी: तीत फक्त सलाइन, तेवढाच वेळ उघडी ठेवून बंद केलेली. तिच्यात जे उगवेल ते हवेतून किंवा हातातून आलेलं. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे असतात आणि हवेत सगळीकडे असतात, त्यामुळे कोऱ्या नळीशिवाय अ‍ॅस्परजिलसबद्दल एक अक्षर बोलता येत नाही.

उचललेल्या कचऱ्याचं वय माहीत नसतं. तो काल पडला की पाच वर्षांपूर्वी, यावर त्यावरचा थर अवलंबून असतो. यावर उपाय म्हणून जलाशयात दोन आठवडे आधी पोलादी जाळीचे पिंजरे सोडलेले असतात: एकात पॉलिथिन, एकात पेट, एकात लाकूड, एकात काच, सगळे एकाच मापाचे आणि एकाच खोलीवर. आज ते वर काढायचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात बाल्टिक समुद्र, वार्नो नदी आणि एक सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा ठिकाणी पॉलिथिन, पॉलिस्टायरीन आणि लाकूड असंच ठेवलं होतं; प्लास्टिकवरचा बुरशींचा समुदाय लाकडावरच्या आणि भोवतालच्या पाण्यातल्या समुदायापेक्षा वेगळा निघाला. पिंजऱ्यांची नेहमीची अडचण म्हणजे गाळ. जाळीची भोकं बारीक असली की शेवाळ आणि गाळ आत कोंडतो, ऑक्सिजन उतरतो, आणि आपण प्लास्टिकऐवजी चिखलाचा नमुना वर काढतो. भोकं पाच मिलिमीटरच्या वर असावीत आणि पिंजरा तळापासून निदान अर्धा मीटर वर लटकावा.

जलाशयात प्रवाह आत येतो तिथे फेस साचलेला असतो. त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावा. चार काटे पसरलेले, चांदणीसारखे बीजाणू दिसतात. कुजणाऱ्या पानांवर जगणाऱ्या जलीय बुरशींचे. त्या कोणालाही आजारी पाडत नाहीत, उलट पाण्यातलं पान खाण्याजोगं करून इतर जीवांना देतात. पाण्यात बुरशी दिसली की घाबरायचं कारण नाही, हे सांगायला तो थेंब पुरेसा आहे.

त्याच संध्याकाळी

नमुना चोवीस तासांत प्लेटवर गेला पाहिजे, सहा तासांत गेला तर उत्तम. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी छोटी प्रयोगशाळा मांडलेली असते, जैवसुरक्षा कपाटासह. उघड्या टेबलावर हे काम करू नये.

२५ चौरस सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बाजू धरून ५० चौरस सेंटिमीटर. तो ५० मिलिलिटर सलाइनमध्ये टाकायचा, ज्यात ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखा द्रव) मिसळलेलं असतं. ट्वीन नसेल तर अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू पाण्यात उतरतच नाहीत. त्यांच्या अंगावर हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनांचं जलविरोधी आवरण असतं आणि ते पाण्यापेक्षा प्लास्टिकलाच धरून राहतात. (प्लास्टिकशी या बुरशीची गाठ इतक्या सहज का पडते, त्याचं एक उत्तर इथेच आहे.) मग ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक टाकीत एक मिनिट, बाहेर काढून जोरात हलवणं, पुन्हा एक मिनिट. सलग पाच मिनिटं ठेवलं तर पाणी तापतं आणि पेशी फुटतात. टाकीत बर्फाचे खडे टाकून तापमान २५ च्या खाली ठेवायचं. शेवटी तुकड्यावर कॅल्कोफ्लुओर व्हाइटचा थेंब टाकून अतिनील प्रकाशात पाहायचं. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनला तो रंग धरतो आणि निळा चमकतो. तंतू अजून चिकटलेले दिसले तर थर पूर्ण निघालेला नाही. हा रंग सेल्युलोजलाही धरतो, आणि कापडाच्या धाग्यांत व पिशव्यांत घातलेली पांढरेपणा वाढवणारी रसायनं आपोआप निळी चमकतात, त्यामुळे रंग न टाकलेला तुकडा शेजारी हवाच.

आता हिशेब. ५० मिलिलिटरमधले ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरले आणि एक वसाहत आली, तर धुवणात ५०० आणि पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला १० पेशी होत्या असं धरावं लागतं. म्हणजे १० च्या खालचं काही या पद्धतीने दिसतच नाही. रोगकारक बुरशी बहुधा त्याच खालच्या पट्ट्यात असतात. म्हणून उरलेल्यातले ४० मिलिलिटर ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून तो पडदाच प्लेटवर ठेवायचा. मग एक वसाहत म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०२५, चारशे पट बारीक नजर. गाळ जास्त असेल तर पडदा तुंबतो; तेव्हा दहा-दहा मिलिलिटरचे चार पडदे करावेत.

पाण्याच्या बाटलीतलं पाणीही असंच गाळायचं, १०० मिलिलिटर आणि ५०० मिलिलिटर. आणि इथे एक सापळा आहे. तुकड्याचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला असतो, पाण्याचा दर मिलिलिटरला. या दोहोंची थेट तुलना करून 'प्लास्टिकवर पाण्यापेक्षा इतके पट' असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. त्याला अर्थ नाही. तुलना पृष्ठभागाशी पृष्ठभागाची: प्लास्टिक, लाकूड, पान, दगड. पाण्यातून कोण निवडून आलं हे पाहायला प्रमाण वापरावं, म्हणजे शंभर वसाहतींत कोणत्या प्रजातीच्या किती.

प्रत्येक धुवणाच्या प्लेट दोन तापमानांत जातात, २५ आणि ३७ अंश.

दुसरा दिवस: शहराच्या खाली

नदी इथे रंग बदलते. सांडपाण्याच्या तोंडापासून वर शंभर मीटर, तोंडाशी, आणि खाली पाचशे मीटर अशा तीन जागा. पाण्यात उतरायचं नाही. काठावरून किंवा होडीतून. सूक्ष्मजीवांइतकाच धोका तुटलेल्या काचांचा आणि सुयांचा असतो, म्हणून नायट्रिलच्या आत जाड हातमोजे.

प्लास्टिकवरच्या रोगकारक बुरशीची गोष्ट खऱ्या अर्थाने इथे सुरू होते. कॅन्डिडाच्या अनेक प्रजाती माणसाच्या आतड्यात राहतात आणि सांडपाण्याबरोबर बाहेर येतात. पाण्यात मोकळी सुटलेली यीस्ट पातळ होत जाते, ऊन खाते, एकपेशीय शिकाऱ्यांच्या तोंडी पडते. प्लास्टिकवर तिला थर मिळतो. आधी काही तासांत पाण्यातली प्रथिनं आणि सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर बसतात, त्यावर जिवाणू, मग डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) आणि शेवाळ, आणि या चिकट गर्दीत यीस्ट. रुग्णालयात कॅथेटरवर कॅन्डिडा जो थर धरते तोही प्लास्टिक किंवा सिलिकोनवरच. तिला हा पृष्ठभाग नवा नाही. थरातल्या पेशींवर बुरशीविरोधी औषधं मोकळ्या पेशींपेक्षा कमी चालतात, हे दवाखान्यांत चांगलं माहीत आहे.

तोंडाशी सर्वांत जास्त सापडतात ते ओले पुसणे (वेट वाइप्स), डायपरचे तुकडे आणि पातळ पिशव्या. ओल्या पुसण्यांत प्लास्टिकचे आणि सेल्युलोजचे धागे एकत्र असू शकतात, त्यामुळे त्यांना 'प्लास्टिक' या रकान्यात टाकण्याआधी इन्फ्रारेड तपासणी हवी. शंका आली तर वेगळा रकाना. डायपर विष्ठेसह आलेला असतो. त्यावरची कॅन्डिडा पाण्यातून येऊन बसलेली की घरूनच आलेली, हे ठरवता येत नाही. असे नमुने गाळण्याआधी वेगळे काढावेत. पिंजऱ्यात सोडलेल्या स्वच्छ तुकड्यांचा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो.

आज प्लेटवर जिवाणूंची गर्दी होणार. क्लोरॅम्फेनिकॉल पुरत नाही, कारण सांडपाण्यातल्या पुष्कळ जिवाणूंना ते पचतं. लिटरला ५० मिलिग्रॅम जेंटामायसिन जोडीला घालायचं आणि धुवण दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून प्लेटवर टाकायचं. संशयित यीस्ट पुढे रंग दाखवणाऱ्या कॅन्डिडा अगारवर नेली की ३७ अंशांवर दोन दिवसांत अल्बिकन्स हिरवट, ट्रॉपिकॅलिस निळसर, क्रुसी गुलाबी आणि खरखरीत दिसते. ही फक्त पहिली चाळणी. रंगावरून नाव लिहून अहवाल पुरा करू नये.

प्रक्रिया केंद्राच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मिळालं तर सोनंच. केंद्र बरंचसं मायक्रोप्लास्टिक (पाच मिलिमीटरहून लहान कण) गाळात अडवतं. अडवलेला गाळ पुढे शेतात खत म्हणून जातो का, हे विचारून घ्यावं, कारण उद्याचा टप्पा तोच आहे.

तिसरा दिवस: शेतांमधून

संथ पाणी, काठावर आच्छादनाच्या कागदाच्या काळ्या चिंध्या आणि कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या. बाटल्यांना हात लावू नये. त्यांच्या आत उरलेल्या रसायनाचा धोका वेगळा, आणि आत बुरशीनाशक असेल तर नमुना तसाही बिघडलेला.

आज नजर अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसवर. ती कुजणाऱ्या ढिगात वाढते, ५० अंशांपर्यंतची उष्णता सोसते. शेतात अ‍ॅझोल गटातली बुरशीनाशकं फवारली जातात. रुग्णाला दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधंही त्याच गटातली. फ्युमिगेटसमधला टीआर-३४/एल-९८-एच हा जनुकीय बदल, जो नेदरलँड्समधल्या रुग्णांत आणि तिथल्या मातीतही सापडला, याच ओढाताणीतून आला असं मानलं जातं. म्हणून ३७ अंशांवर आलेली हिरवट-निळी, मखमली वसाहत पुढे चार खणांच्या प्लेटवर न्यायची: एका खणात नुसतं माध्यम, बाकी तिघांत लिटरला ४ मिलिग्रॅम इट्राकोनॅझोल, २ मिलिग्रॅम व्होरिकोनॅझोल, ०.५ मिलिग्रॅम पोसाकोनॅझोल. औषधाच्या खणात स्पष्ट वाढ दिसली की ती पुढच्या तपासणीला पाठवायची.

केनियातल्या मातीतल्या मायक्रोप्लास्टिकवरचा २०२१ चा अभ्यास या टप्प्याला जवळचा आहे. तिथे प्लास्टिकवर रोगकारक बुरशी भोवतालच्या मातीपेक्षा जास्त प्रमाणात आढळल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आणि बीजाणू पृष्ठभागावर घट्ट बसलेले दिसले. काठावरची माती पुरात नदीत उतरते तेव्हा हेच तुकडे पाण्यात येतात.

चौथा दिवस: खाडी

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघायचं. एकाच जागेची क्षारता सहा तासांत पालटते, म्हणून सगळे नमुने ओहोटीच्या शेवटच्या तासात, आणि प्रत्येक नळीवर क्षारता लिहिलेली. प्लेटचा एक संच निम्मं समुद्राचं पाणी घालून केलेला हवा. नुसत्या गोड्या पाण्याच्या माध्यमावर खारटपणाला सरावलेल्या बुरशी मंद उगवतात आणि मोजणीतून निसटतात.

तळाशी नायलॉनची फाटकी जाळी, पेटच्या बाटल्या, काळा वासट गाळ. हा भाग सेडोस्पोरियमचा. प्रदूषित, कमी ऑक्सिजनच्या गाळात ही बुरशी टिकते, आणि बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या फुप्फुसात असं पाणी गेलं तर काही आठवड्यांनीसुद्धा न्यूमोनिया किंवा मेंदूत गळू होऊ शकतो. २००४ च्या त्सुनामीनंतर अशा रुग्णांची नोंद झाली. ती हळू वाढते, पाच ते सात दिवस, आणि शेजारच्या भराभर पसरणाऱ्या बुरशीखाली दडपली जाते. डायक्लोरानचा उपयोग इथे कळतो. तरीही म्युकोरेल्स आलीच तर दुसऱ्या दिवशी कापसासारखी वाढून झाकणाला टेकतात; ती प्लेट लगेच बाहेर काढायची, बाकीच्यांवर उघडायची नाही.

काळ्या यीस्टही इथे भेटतात. हॉर्टिया वेर्नेकी जवळजवळ संपृक्त मिठात जगते आणि तळहातावर वेदना नसलेला काळसर डाग उमटवते. एक्झोफियाला डर्माटिटिडिस घरातल्या भांडी धुण्याच्या यंत्राच्या रबरी पट्ट्यांवर सापडलेली आहे. रबर, उष्णता, साबण यांची तिला सवय आहे, तेव्हा प्लास्टिकच्या तुकड्यावर दिसली तर नवल वाटायला नको.

नायलॉनच्या जाळीचं क्षेत्रफळ कसं काढायचं, हा प्रश्न दर वेळी येतो. धाग्याचा व्यास मोजून, एकूण लांबी घेऊन, दंडगोल धरून काढावं. पीळ असलेल्या दोरीत खरं क्षेत्रफळ याहून बरंच जास्त असतं, म्हणून दोरीचा आकडा सपाट तुकड्याशेजारी मांडू नये. दोरीची तुलना दोरीशीच: कापसाची किंवा काथ्याची, तेवढीच जाड, पिंजऱ्यात तेवढेच दिवस ठेवलेली.

पाचवा दिवस: वाळूचा किनारा

भरतीरेषेवर कचऱ्याची माळ पडलेली असते. त्यातलं थर्मोकोल आधी उचलायचं, कारण ते पाण्यात बुडत नाही आणि त्याची एक बाजू सदैव उन्हात असते. उन्हात प्लास्टिकचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो, बारीक भेगा पडतात. बुरशीला भेग म्हणजे ओलावा आणि सावली. त्याच तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या दोन वेगळ्या नळ्या कराव्यात.

पाच मिलिमीटरहून लहान कणांसाठी एक ताकीद. वाळूतून ते वेगळे करायला संपृक्त मिठाचं पाणी वापरतात, त्याची घनता १.२ च्या आसपास. रासायनिक मोजणीला ते चालतं, जिवंत बुरशी शोधायला नाही; मिठाने काही मरतात, काही उरतात, आणि आपण मिठाची निवड मोजत बसतो. जिवंत नमुन्याचे कण चिमट्याने एकेक वेचायचे, दर नळीत पन्नास, आणि शेजारी तेवढेच वाळूचे कण.

या किनाऱ्यावर कॅन्डिडा ऑरिस शोधण्यामागे कारण आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून तिचं पहिलं वर्णन झालं, आणि पुढची बारा वर्षं ती रुग्णालयांबाहेर निसर्गात सापडलीच नव्हती. २०२१ मध्ये अंदमान बेटांवरच्या खाऱ्या दलदलीतून आणि वाळूच्या किनाऱ्यावरून ती मिळाली. ती ४२ अंशांवर आणि १० टक्के मिठात वाढते, म्हणून तिच्यासाठी वेगळी पायरी: १० टक्के मीठ घातलेल्या द्रवात ४० अंशांवर तुकडा सोडायचा, द्रव गढूळ झाला की प्लेटवर घ्यायचा, चौदा दिवस वाट पाहायची. जुन्या जैवरासायनिक किटांनी तिला कॅन्डिडा हेम्युलोनी म्हटल्याची उदाहरणं आहेत. नाव पक्कं करायला माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून ओळखणारं यंत्र) किंवा जनुकक्रम.

प्लास्टिक खाणाऱ्या बुरशीच्या बातम्या वाचून काहींना आशा वाटते. पॅरेन्जिओडोन्टियम अल्बम ही उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या कचऱ्यावरून वेगळी केलेली बुरशी उन्हाने आधी झिजलेलं पॉलिथिन रोज सुमारे ०.०५ टक्के वेगाने संपवते, असं २०२४ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पण क्वचित का होईना, हिचा संसर्ग माणसाच्या डोळ्यातही नोंदला गेला आहे. कचऱ्यावर फवारायला बुरशी निवडण्याआधी तिचं ३७ अंशांवरचं वागणं तपासलंच पाहिजे.

सातवा दिवस आणि पुढे: प्लेटसमोर

यीस्ट दोन दिवसांत, बहुतेक तंतुमय बुरशी तीन ते पाच, काळ्या यीस्ट दोन आठवड्यांत. ३७ अंशांच्या प्लेट लवकर सुकतात, पेटीत पाण्याचं भांडं ठेवावं. प्लेटचा वास घेऊ नये, झाकण कपाटाबाहेर उघडू नये. जिथे हिस्टोप्लाझ्मा किंवा कॉक्सिडिऑइडिस (श्वासातून लागण करणाऱ्या बुरशी) आढळतात त्या भागात संशयित पांढरी, कापसासारखी वसाहत उघडायचीच नाही. ती वरच्या सुरक्षापातळीच्या प्रयोगशाळेत जाते.

नावासाठी आयटीएस हा जनुकपट्टा वाचतात. २०१२ पासून बुरशींचा तो मान्य बारकोड आहे, पण फ्युमिगेटस आणि तिच्या सख्ख्या बहिणी त्याने वेगळ्या होत नाहीत; तिथे बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन ही जनुकं वाचायची, फ्युजेरियमला टीईएफ-१ हे जनुक. तुकड्यावरून थेट डीएनए काढून सगळा समुदाय वाचण्याची पद्धत आकर्षक आहे. तिच्या दोन कमजोऱ्या लक्षात ठेवाव्यात. गाळातली ह्युमिक आम्लं पीसीआर अडवतात, तेव्हा डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवावं. आणि मेलेल्या बीजाणूचा डीएनएही तितकाच छान वाचला जातो. डीएनएमध्ये नाव आहे, ३७ च्या प्लेटवर काही नाही, तर 'रोगकारक बुरशीचा माग' एवढंच लिहावं.

मग तक्ता. आडव्या ओळींत प्लास्टिक, लाकूड, पान, दगड, पाणी. उभ्या रकान्यांत जागा आणि तापमान. प्रत्येक खणात निदान पाच स्वतंत्र तुकडे हवेत, एकाच तुकड्याच्या पाच प्लेट म्हणजे पाच नमुने नव्हेत. या तक्त्यात प्लास्टिक आणि लाकडाचे आकडे जवळपास सारखे निघाले, तरी प्लास्टिक सुटत नाही. पान काही महिन्यांत कुजतं, फांदी भिजून बुडते, त्यांवरचे प्रवासी तिथेच उतरतात. पॉलिथिनची पिशवी तोच थर घेऊन सांडपाण्याच्या तोंडापासून किनाऱ्यापर्यंत जाऊ शकते. ती खरंच नेते का, हे दुसऱ्या दिवसाच्या आणि पाचव्या दिवसाच्या तुकड्यांवर एकाच प्रजातीचा एकच जनुकीय वाण सापडतो का यावरून दिसेल; त्यासाठी अख्खा जनुकसंच वाचावा लागतो, नुसत्या नावावर भागत नाही.

प्लेटवरची वसाहत म्हणजे आजार नव्हे, हेही तक्त्याखाली लिहायचं. बुरशीला शरीरात शिरायला वाट लागते: पायाला झालेली जखम, लेन्स घातलेला डोळा, फुप्फुसात गेलेलं पाणी, किंवा आधीच खालावलेली प्रतिकारशक्ती.

निवडलेल्या वसाहती २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवायच्या, प्रत्येकीच्या दोन नळ्या, वेगवेगळ्या शीतपेट्यांत. बाकी सगळं, धुवणाच्या नळ्या आणि उरलेले तुकडेसुद्धा, १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात. काळ्या यीस्टसाठी राखलेल्या प्लेट चौथ्या आठवड्यापर्यंत राहतात. जलाशयात नवे पिंजरे मात्र पूर ओसरल्यावर सोडायचे, कारण पुराने काठावरची माती आणि तिच्यातलं प्लास्टिक पाण्यात उतरलेलं असतं आणि तक्त्यातला तो रकाना अजून रिकामा आहे.